एक इंच, एक मिलिमीटर

बॉडी फ्रेमवर टेकवली आणि दिव्यासमोर धरली, तर मधून उजेड आला. पुढे नाही, मागे नाही, नेमका दाराखाली. फीलर गेजच्या पात्या घालून पाहिल्या. ०.६ मिलिमीटर. खऱ्या गाडीत हाच आकडा पंधरा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सुतं. पाच सुतांची फट कुणी सोडत नाही.

चूक कुठल्याच भागाची नव्हती. बॉडी १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची होती आणि फ्रेम १९३२ च्या फोर्डची. बॉडीची खालची कड सरळ, फ्रेमच्या वरच्या कडेला हलका बाक. शिवाय पुढच्या बाजूला फ्रेम बॉडीपेक्षा रुंद, दोन्हीकडून अर्धा अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावणारी. हे दोन भाग एकमेकांसाठी घडवलेलेच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९४० च्या दशकात खऱ्या लोखंडात हीच जोडी जमवली, तेव्हा त्यांच्याही समोर हीच फट आली असणार. माझ्याकडे प्लॅस्टिक होतं आणि त्यांच्याकडे पत्रा, एवढाच काय तो फरक. त्या रात्री मी डिंकाची बाटली बंद केली आणि कानस काढली.

माझा धंदा मोल्ड बनवण्याचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर हात बसला, आणि १९८६ पासून लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या एका टूलरूममध्ये इंजेक्शन मोल्डिंगचे साचे करत आलो. बाटल्यांची टोपणं, औषधाच्या डब्या, पुढे इस्पितळात लागणारे बारीक भाग. शेजारच्या मशीनवर माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा एक सहकारी होता. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. एकदा त्याने पाकिटातून एक पितळी पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. साधारण हाताच्या बोटाएवढी, त्यावर तारीख आणि वेग ठोकलेला. त्याच्या वडिलांची. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर गाडी पळवल्यावर मिळालेली. गाडी त्याच्या जन्माआधीच विकली गेली होती. उरली होती ही पट्टी आणि दोन कृष्णधवल फोटो. दोन्ही फोटो पुढून काढलेले.

तो म्हणाला, "तू प्लॅस्टिकचा माणूस आहेस. ही गाडी होईल का?"

होईल असं मी लगेच म्हणालो. आमच्या धंद्यात ड्रॉइंग बघितल्याशिवाय कुणी होकार देत नाही, पण इथे ड्रॉइंग नव्हतंच.

*

ती गाडी हॉट रॉड होती. हॉट रॉड म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं इथे राहूनही नीट ठाऊक नव्हतं. रस्त्यावर चकचकीत, ज्वाळा रंगवलेल्या गाड्या दिसायच्या, त्यांनाच मी हॉट रॉड समजत होतो. खरी परंपरा त्याहून साधी आणि गरीब आहे. १९२८ ते १९३१ या चार वर्षांत फोर्डने मॉडेल ए च्या ४८ लाखांच्या आसपास गाड्या काढल्या. दहा वर्षांनी त्या भंगारात कवडीमोलाने मिळू लागल्या. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडणारं व्ही-एट इंजिन आणलं, २२१ घनइंचांचं, ६५ अश्वशक्तीचं. जुन्या ए ची हलकी बॉडी, बत्तीसची फ्रेम आणि भंगारातल्या आणखी पुढच्या सालच्या गाडीचं इंजिन. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने जोडलं. मडगार्ड काढून टाकली, कारण वजन. पुढचा ॲक्सल तापवून, वाकवून गाडी खाली बसवली.

बत्तीसचीच फ्रेम का, हे मला फ्रेमचा प्लॅस्टिकचा भाग हातात घेतल्यावर कळलं. मॉडेल ए ची फ्रेम पत्र्याच्या झालरीमागे लपलेली असते, तिच्याकडे कुणी बघावं अशी फोर्डची अपेक्षाच नव्हती. बत्तीसच्या फ्रेमच्या बाहेरच्या बाजूवर मात्र पुढपासून मागपर्यंत एक उठावाची रेघ दाबून काढली आहे. मडगार्ड काढल्यावरही ती गाडी नागडी दिसत नाही. ती रेघ मी भिंग लावून बराच वेळ पाहिली. डायमेकर म्हणून मला त्या माणसाविषयी आदर वाटला, ज्याने लपून राहिला असता तरी चाललं असतं अशा भागावर एवढं काम केलं.

या गाड्या लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळायच्या. आधी म्युरॉकवर, आणि ते लष्कराच्या विमानतळाकडे गेल्यावर एल मिराजवर. १९३७ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन आजही एल मिराजवर शर्यती भरवते. मी एकदा सहकाऱ्याबरोबर पाहायला गेलो होतो. पहाटे चारला निघालो. तळं म्हणजे फिकट पिवळसर मातीची, भेगा पडलेली, नजर पोचेल तिथवर सपाट परात. गाडी लांब जाते, आधी दिसेनाशी होते आणि मग तिच्यामागे धुळीची भिंत उभी राहते. घरी आल्यावर कानांतूनही माती निघाली. तिथे मला एक गोष्ट समजली जी फोटोतून समजली नव्हती. ही पोरं घरून गाडी चालवत इथे यायची, काच आणि दिवे काढून ठेवायची, पळवायची, आणि तेच दिवे परत लावून रात्री घरी जायची. सोमवारी त्याच गाडीने कामावर. म्हणजे मॉडेलमध्ये दिव्यांचे बोल्ट उघडता येतील असे दिसायला हवेत.

*

अशी गाडी एका खोक्यात मिळत नाही. अमेरिकेत १९५८ पासून एएमटी कंपनीने थ्री-इन-वन किट्स काढली. एकाच खोक्यातून मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, तिन्हींपैकी काहीही बनवता येई. उरलेले भाग मुलं डब्यात जपून ठेवत आणि पुढच्या गाडीला लावत. हा छंद त्या उरलेल्या भागांवर वाढला आहे. मी पाच किट्सचे भाग एकत्र केले. बॉडी एका जुन्या एकोणतीसच्या किटमधली, फ्रेम बत्तीसच्या, इंजिन १९४८ च्या फोर्डच्या, चाकं चाळीसच्या आणि स्टिअरिंग कुठल्याशा ट्रकचं. पुढचा ॲक्सल मात्र दुसऱ्याच एका खोक्यातला घेतला होता आणि तो बसेना. मग लक्षात आलं, बाकीचे भाग १:२५ चे, तो १:२४ चा होता. १:२५ आणि १:२४ ऐकायला शेजारी वाटतात. बत्तीसच्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच. १:२५ मध्ये तो १०७.७ मिलिमीटर होतो, १:२४ मध्ये ११२.२. साडेचार मिलिमीटरचा फरक गाडीत लपत नाही.

१:२५ चा एक मोठा गुण आहे, आणि मी त्याच्या प्रेमात पडलो. या मापात खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर, नेमकं सांगायचं तर १.०१६. मी आयुष्यभर दोन मापांत अडकलेला माणूस. वडिलांच्या दुकानात सूत आणि इंच, शाळेत मेट्रिक, इथे पुन्हा इंच, आणि युरोपातून येणारी ड्रॉइंग्ज मिलिमीटरमध्ये. इथे दोन्ही मापं एकमेकांना भेटली. सहकारी म्हणाला, "ॲक्सल अडीच इंचांनी खाली होता असं बाबा सांगायचे." मी व्हर्निअर अडीच मिलिमीटरवर लावला. मागची चाकं साधारण तीस इंचांची, पुढची सव्वीसची. तीस मिलिमीटर, सव्वीस मिलिमीटर. हिशेबाचा कागद लागला नाही.

किटच्या भागांकडे मी गिऱ्हाइकासारखं बघू शकत नाही. मला साचा दिसतो. पार्टिंग लाइन कुठे घेतली, गेट कुठे ठेवला, ड्राफ्ट किती दिला, जाड भागामागे सिंक मार्क का पडला. एका बॉडीच्या आतल्या बाजूला इजेक्टर पिनांचे गोल ठसे होते आणि ते सगळे सीटच्या मागे लपतील अशा जागी. त्या टूलमेकरने शेवटी गाडी कशी दिसणार याचा विचार करून पिना बसवल्या होत्या. दुसऱ्या एका खोक्यातल्या भागांवर मात्र पार्टिंग लाइन थेट दाराच्या वळणावरून गेलेली. चारशेचा पॉलिश पेपर, मग सहाशे, मग हजार. एक दार घासायला एक संध्याकाळ गेली.

फटीचं काय केलं ते सांगायचं राहिलं. पुट्टी भरून ती अर्ध्या तासात बुजली असती. पण पुट्टीची फट रंगाखालूनही पुट्टीच दिसते. मी फ्रेमच्या वरच्या कडेचा बाक काढला नाही, कारण मग उठावाच्या रेघेवरची पट्टी दोन्ही टोकांना बारीक झाली असती आणि फ्रेमची सगळी शान गेली असती. बॉडीच्या खालच्या कडेला स्टायरीनची पट्टी लावली आणि ती फ्रेमच्या बाकाला जुळेपर्यंत कानसली. रुंदीसाठी फ्रेमचे पुढचे आडवे तुकडे कापून दोन्ही बाजू आत चिमटल्या. बॉडी ठेव, दिव्यासमोर धर, उजेड कुठून येतो ते बघ, तिथे सोडून इतरत्र घास, पुन्हा ठेव. चार रात्री. पाचव्या रात्री बॉडी ठेवली तेव्हा अगदी हलका 'टक' असा आवाज आला आणि उजेड बंद झाला. उद्यमनगरात वडील म्हणायचे, "आदी बसू दे, मग आवळ." दुसऱ्या कंपनीच्या ऑइल इंजिनाचा पार्ट बसवताना ते बोल्टला हात लावायचे नाहीत, पार्ट नुसत्या वजनाने जागेवर बसेपर्यंत घासत राहायचे. डिंक हा माझा बोल्ट होता.

*

इंजिनाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. फोर्डच्या या व्ही-एटला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण. जळलेला धूर ब्लॉकच्या आतूनच वाट काढत बाहेर पडतो, म्हणूनच हे इंजिन तापायचं. एका बाजूला चार सिलिंडर, पण धुराची तोंडं तीनच. मधल्या दोन सिलिंडरांचं तोंड एक. मी पहिल्यांदा तारेचे चार पाइप वाकवून ठेवले होते, सरळ हिशेब करून. बसवायला गेलो तेव्हा ब्लॉकवर तीनच भोकं. क्षणभर वाटलं साचा चुकला. मग पुस्तकं उघडली आणि चौथा पाइप बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट हेडची. मला दुसऱ्या किटमध्ये छान पट्ट्यांची, शर्यतीची ॲल्युमिनियमची हेड्स सापडली होती आणि मी ती लावूनही टाकली होती. सहकाऱ्याने फोटोवर भिंग धरलं. फोटोत पाण्याची नळी हेडच्या मधोमध होती, माझ्या हेडवर ती पुढच्या टोकाला. १९४९ पासून फोर्डने हे इंजिन बदललं. पाण्याची नळी पुढे आली, आणि आडवा पडलेला डिस्ट्रिब्यूटर उभा झाला. पट्टीवरची तारीख १९४८ ची. म्हणजे माझ्या गाडीला तिच्या पुढच्या वर्षीचं डोकं बसवलेलं होतं. काढलं. एका हेडवर चोवीस नट, जुन्या हेडवर ते पुन्हा टोकदार करायला दोन संध्याकाळी लागल्या.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. १९४८ च्या उन्हाळ्यात त्या पोराला जे मिळालं असतं आणि परवडलं असतं, तेवढंच. फोर्डने द्रवाचे ब्रेक १९३९ मध्ये आणले, तेव्हा भंगारातले ते ब्रेक चालतील. चाळीसची लोखंडी चाकं चालतील. तीन कार्ब्युरेटरांचा मॅनिफोल्ड माझ्याकडे होता आणि तो फार देखणा होता, पण फोटोत दोनच दिसतात. तो परत डब्यात गेला. पाच खोक्यांतले भाग समोर असताना हात सारखा चांगल्या भागाकडे जातो. जुन्या हॉट रॉडचं मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा याच हातामुळे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उत्तम आणि गाडी कुणाचीच नाही.

जाळीच्या चौकटीला क्रोम होतं. किटमधलं क्रोम म्हणजे लॅकरवर निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर. कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये तो वीस मिनिटांत विरघळतो, पण खालचं लॅकर राहतं. ते काढायला मी घाईने जोरकस थिनर वापरला आणि जाळीच्या उभ्या दांड्या माझ्या डोळ्यांदेखत लवल्या. दुसरं किट विकत घ्यावं लागलं, फक्त त्या एका भागासाठी. दुसऱ्या वेळी सौम्य क्लीनर आणि तीन दिवस. मग चौकटीची खालची बाजू दोन मिलिमीटर कापली, कारण बत्तीसची चौकट एकोणतीसच्या बॉडीपुढे उंच दिसत होती. फोटोतल्या गाडीतही ती कापलेली आहे. त्या पोराने करवत कुठे धरली असेल, ते मला माझी करवत धरल्यावर कळलं.

इंजिनाच्या वायरींसाठी बायकोने तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. "अहो, काळा नको, हा करडा घ्या. काळा फार नवा दिसतो." तिचं बरोबर होतं.

*

सगळं करड्या प्रायमरमध्ये आलं तेव्हा मी गाडी टूलरूममध्ये नेली. सरफेस प्लेटवर ठेवली, चारही चाकांखाली फीलर गेज सरकवून पाहिली. मागच्या उजव्या चाकाखाली पाव मिलिमीटरची पाती जात होती, बाकीची टेकलेली. ते घरी जाऊन करायचं ठरवलं. सहकारी खाली वाकून, डोळे प्लेटच्या पातळीवर आणून बघत राहिला. कडेने गाडीचं बसणं बघितलं, पुढून बघितलं. मग म्हणाला, "पेट्रोल कुठून भरतोस?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण मी त्यावर विचार केला होता. मॉडेल ए ची टाकी काचेच्या खाली, बॉडीतच असते. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरला जातं, पंप नाही. व्ही-एटचे कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर असतात, तिथे ती सोय पुरत नाही. फोटोत काचेपुढचं झाकण नाही, ते भोक बुजवलेलं आहे. म्हणून मी बत्तीसची टाकी ठेवली, मागे फ्रेमच्या दोन शिंगांमध्ये, किटमध्ये आहे तशी. त्याला दाखवली.

त्याने मान हलवली. "आई सांगायची, लग्नाआधी ती दोघं फिरायला जायची तेव्हा पेट्रोल भरायचं म्हटलं की आधी डिकीतलं सगळं सामान खाली काढावं लागायचं. तिची चादर, खाण्याची टोपली, सगळं पंपावर जमिनीवर मांडायचं. तिला त्याचा राग यायचा."

वीस वर्षांत त्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, त्यालाही ते त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

म्हणजे टाकी डिकीत. म्हणजे फ्रेमची शिंगं कापलेली. आणि माझ्या बॉडीवर डिकी एकसंध होती, साच्यातच बंद ओतलेली. मागचा भाग मी नुकताच घासून, प्रायमर मारून गुळगुळीत केला होता.

घरी आलो. डिकीच्या रेघेवर सुईच्या टोकाने ओरखडा ओढला, मग पुन्हा, मग पुन्हा. पातं वापरलं असतं तर घसरलं असतं. प्लॅस्टिक एक मिलिमीटरहून थोडं जाड होतं, चाळीस-पन्नास वेळा सुई फिरवल्यावर झाकण मोकळं झालं. त्याच्या कडांना आतून पट्ट्या लावल्या, बॉडीच्या भोकाला ओठ केला. टाकी स्टायरीनच्या पत्र्याची, दोन मिलिमीटरच्या दांडीचं झाकण. शिंगं कापून टोकं गोल केली. बसायच्या जागेमागच्या इजेक्टर पिनांच्या खुणा आता उघड्या पडल्या, त्याही घासल्या. मग परत प्रायमर, आणि मग काळा रंग, पातळ, सहा हात, प्रत्येकाच्या मध्ये एक दिवस. चमक थोडी मारली, कारण फोटोत गाडीवर धूळ आहे. डॅशबोर्डवर पितळेच्या पत्र्याचा तुकडा चिकटवला. त्यावर काही कोरणं शक्य नव्हतं.

चादर टिश्यू पेपरची केली. पातळ डिंकात भिजवून घडी घातली, लाल-पांढऱ्या चौकड्या रंगवल्या. रंगांबद्दल फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, ते फक्त आईला माहीत.

गाडी त्याला दिली ती दुपारी, डबा खायच्या टेबलावर. त्याने हात पुसले. कडेने पाहिलं, पुढून पाहिलं, इंजिनाच्या बाजूची तीन-तीन तोंडं मोजली. मग नखाने डिकीचं झाकण उचलून टेबलावर ठेवलं. चादर चिमट्याने अलगद बाहेर काढली आणि तीही टेबलावर ठेवली. टाकीकडे बराच वेळ बघितलं. मग चादर परत आत ठेवली, घडीची बाजू वर, आणि झाकण लावलं.